कुणाचाच नसलेला हत्ती

वहिनी, परवा तुझं तेरावं झालं आणि काल नाथा केनियाला परत गेला. तळेघरच्या स्टॉपवर आम्ही तिघं एसटीची वाट बघत उभे होतो, तो, दादा आणि मी. तुझा पोरगा तुला ठाऊकच आहे, काही विचारायचं असलं की आधी बॅगेचा पट्टा शंभरदा खालीवर करणार. गाडी वळणावर दिसायला लागली तेव्हा कुठं त्याच्या तोंडातून निघालं, "आत्या, आईचं तिकीट तर रद्दच करावं लागंल. तुझं ठिवू का त्येबी काढून टाकू?" दादा दुसरीकडं बघायला लागला. मी म्हटलं, फोन करून सांगते. गाडी आली, तो चढला, गेला.

मी जुन्नरला घरी आले, चहा टाकला, आणि आता करायचं काय हे कोणाला विचारावं म्हटलं तर पहिलं तोंड तुझंच डोळ्यांपुढं. म्हणून आज हे लिहायला बसलेय. तुला वाचायचा कंटाळा. "वन्सं, तुमीच वाचून दावा," म्हणून कागद माझ्याच हातात द्यायचीस. आता वाचून कोणाला दाखवू?

भादव्यात, गणपती उठले की, आपण दोघी हत्ती बघायला आफ्रिकेत जाणार होतो. हे नुसतं लिहितानाही मला हसू फुटतंय. तळेघरच्या वरच्या अंगाला भात आणि नाचणी करणारी एक बाई आणि जुन्नरच्या शाळेत मास्तरीण असलेली तिची नणंद. नणंद-भावजय म्हटल्यावर लोक भांडण बघायला टपलेले असतात. आपणही त्यांना निराश केलं नाही म्हणा. पण आपली निम्मी भांडणं हत्तींवरून झाली, हे कोणाला सांगून पटायचं नाही.

सुरुवात लेण्याद्रीला झाली. माझी बदली तेव्हा नुकतीच जुन्नरला झाली होती आणि तू चतुर्थीचं निमित्त काढून आली होतीस. पायऱ्या चढून वर गेलो, गिरिजात्मजाला तू हात जोडलेस, तेही घाईनंच, आणि पलीकडच्या लेण्यात शिरलीस. तिथल्या खांबांच्या माथ्यावर दगडात कोरलेले हत्ती आहेत. तू मान वर करून उभी राहिलीस ती राहिलीसच. माणसं येतायत, जातायत, कोणी धक्का मारून गेलं तरी तुला पत्ता नाही. शेवटी मी वैतागले, "अगं चल की, ऊन वाढलं." तर म्हणालीस, "वन्सं, ह्यो ज्यानं कोरला ना, त्यानं हत्ती बघितलेला हाय. ऐकून न्हाई केला. उभा कसा ऱ्हायलाय बघा तरी!" मी बघितलं. पुढं शाळेच्या सहली घेऊन मी त्या लेण्यात कितीदा तरी गेले, पोरांना शतकं आणि राजवटी सांगितल्या. पण आत पाऊल टाकलं की माझी मान आधी वर जायची आणि दर वेळी अंगावर काटा यायचा. त्या एवढ्याशा दगडात तो खरंच उभा आहे, वहिनी. कोणीतरी कुठंतरी त्याला बघितला, आणि तो बघितलेला विसरला नाही.

मग एकदा जुन्नरच्या बाजारात हत्ती आला. कुठल्याशा साधूंनी आणलेला, कपाळावर रंगीत नक्षी, भोवती ही गर्दी. बायका केळी देत होत्या, सोंडेत नाणं ठेवत होत्या, आणि तो ते नाणं वरच्या माणसाला पोचवून बायकांच्या डोक्यावर सोंड टेकवत होता. मी म्हटलं, घे बाई, तुझा हत्ती चालत आला. तू गर्दीत घुसलीस आणि आल्या पावली माघारी. "काय गं, आशीर्वाद नाही घेतलास?" "पायात साखळी हाय त्येच्या. त्यो कुनाला काय आशीर्वाद देनार!" घरी येईस्तोवर तू गप्प. तू गप्प म्हटल्यावर मला घोरच लागला. दारात चपला काढताना म्हणालीस, "वन्सं, कुनाचाच नसलेला हत्ती आसतो का वो कुटं?"

मी पडले मास्तरीण. लगेच सुरू झाले. म्हैसूरकडची जंगलं झाली, आसाम झालं, मग आफ्रिका. तिथला हत्ती आपल्याहून मोठा, कान केवढाले, मादीलासुद्धा सुळे. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मग मोठाच बघू की. जायाचंच हाय तर."

त्यानंतर कितीतरी वर्षं ही आपली गंमतच होती. लावणीला मी सुट्टी काढून यायची, खाचरात गुडघाभर चिखलात वाकलेलो असायचो, आणि तू मध्येच कंबर सरळ करून विचारायचीस, "काय वन्सं, यंदा निघायचं का?" मी म्हणायची, "यंदा कसं, तुझी म्हैस व्यायला झालीय." "आरं व्हय की. मग फुडल्या साली." बांधावरून दादा ओरडायचा, "हत्ती काय बघायचा त्यो? गनपतीत घरात आनून बसिवतो की!" तू त्याच्याकडं बघायचीसुद्धा नाहीस. आमच्या शाळेत तर काय, हत्तींवरून माझं नावच पडलं होतं. जुन्नरच्या उसात बिबट्याचा धुमाकूळ सुरू होता तेव्हा एक सर रोज न चुकता म्हणायचे, "मॅडम, जनावरंच बघायची तर आमच्या उसात चला, तिकीट नाय का काय नाय."

आणि मग नाथाची नोकरी. पॉलिहाऊसमध्ये गुलाब करायला शिकलेलं आपलं पोर, त्याला केनियातल्या गुलाबांच्या शेतावर बोलावणं आलं. त्याला निरोप देताना सगळे रडत होते. तूही रडलीस. पण डोळे पुसून होत नाहीत तोवर त्याच्या कानाशी लागलीस, ते मी ऐकलं. "नाथा, तितं ते हत्ती हायेत ना रं? नीट इचारून ठिव." बिचाऱ्याला वाटलं असेल, आई विचारेल जेवणाचं काय, राहायचं काय. दोन-तीन वर्षांत त्याचा जम बसला आणि एक दिवस त्याचाच फोन आला, "आई, आत्याला घिऊन ये. माज्याकडं ऱ्हावा. हत्ती दावतो." त्या दिवसापासून गंमत संपली आणि खरी तयारी सुरू झाली.

पहिलं भांडण कधी जायचं यावरून. माझं म्हणणं मे महिना, शाळेला सुट्टी. तुझं म्हणणं, मे महिन्यात शेत भाजायचं कोणी, पेरणीची तयारी कोणी करायची? लावणी उरकली की कापणीपर्यंत बाई मोकळी, तर भादव्यातच जायचं. नाथा म्हणाला, आईचं बरोबर आहे. त्या दिवसांत तिथं पाणी आटतं आणि हत्तींचे कळप दलदलीकडं येतात. झालं! तू जिंकलीस. पण पाणी आटतं हे मात्र तुला पटेना. आपल्याकडं डोंगर कोसळेल असा पाऊस असताना दुसरीकडं धूळ उडत असेल, हे तुझ्या डोक्यात शिरेचना. "पोरगं शेरगावच्या गप्पा मारतंय. भादव्यात कुटं धूळ आसती व्हय?" म्हणून तू आपलं इरलं झाडून, नवी पानं घालून तयार ठेवलंस. आफ्रिकेत, विमानातून, इरलं! मी पृथ्वीचा गोल आणून दाखवला, विषुववृत्त सांगितलं, घसा फोडला. "तुमी शिकवा वन्सं, म्या ऐकते. पर इरलं संगं आसू द्या." काय बोलणार?

पासपोर्टच्या वेळी तुझ्या जन्माची तारीख कुठंच सापडेना. शेवटी आहुप्याच्या शाळेत तू दुसरीपर्यंत गेली होतीस तिथला दाखला काढला, तर त्यात एक जून. आम्हा मास्तरांच्या जमातीची ही जुनी करणी. ज्याची तारीख माहीत नाही तो एक जूनला जन्मला. तू खूश झालीस, "मला वाडदिवस मिळाला!" मग चौकशीला पोलीस आला तेव्हा अख्खी वाडी गोळा झाली, सगळ्यांना वाटलं काही लफडं झालं. तो बिचारा ओसरीत बसून विचारतोय, "मावशी, परदेशी कशाला चालल्या?" "हत्ती बघायला." "मुलाला भेटायला म्हणा की." "त्येबी हायेच की. पर हत्ती बघायला." त्यानं काय लिहिलं देव जाणे.

पण वहिनी, तयारीतलं सगळ्यात मोठं तू काय केलंस, तर मला आहुप्याच्या राईत नेऊन बसवलंस. नाथानं सांगितलं होतं की तिथं गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही, आरडाओरडा नाही, काडी उचलायची नाही, दगड घ्यायचा नाही, पडलेलं पीससुद्धा आणायचं नाही. मला वाटलं तू नाक मुरडणार. तू म्हणालीस, "म्हंजे राईच की ती." तुझ्या माहेरची राई, देवाची. तिथं वाळकं लाकूडसुद्धा कोणी उचलत नाही, चपला बाहेर काढायच्या, हळू बोलायचं. "वन्सं, तुमाला बसायची सवं न्हाई. तुमी फळ्याफुडं उभं ऱ्हानारं मानूस. हत्तीफुडं तुमचं तोंड चालू ऱ्हायलं तर? चला, सराव करू." बडबडी तू, आणि मला गप्प बसायला शिकवणार!

पण बसलो. दिवाळीच्या सुट्टीत बसलो, पुन्हा शिमग्याच्या आसपास बसलो. मुंग्या चढायच्या, पाय बधिर व्हायचे, माझ्या डोक्यात घरची कामं फिरत राहायची. तू मात्र तिथल्याच एखाद्या झाडाच्या मुळाशी मूळ होऊन बसायचीस. आणि मग वरून पान हलायचं. शेकरू खाली यायचं, तांबडंलाल, झुबकेदार शेपटी सोडून, आपल्याकडं बघून न बघितल्यासारखं करायचं. मी त्या डोंगरात जन्मले, शेकरू काय पहिल्यांदा बघत होते? पण त्या दिवशी ते इतकं जवळ येऊन फळ सोलत बसलं की त्याच्या नखांचा आवाज मला ऐकू आला, आणि मला वाटलं, आपण आजवर बघितलं म्हणजे काय केलं? परतताना मी काहीच बोलले नाही. तू हसलीस, "आता जमंल तुमाला." एवढी मोठी मी, पण शाबासकी मिळाल्यावर पोरं का फुलतात ते मला तेव्हा कळलं.

आणि ती संध्याकाळ. मोबाईलला रेंज फक्त तुमच्या घरामागच्या टेपाडावर, म्हणून फोन घेऊन आपण तिथं गेलो होतो. नाथा सुट्टीला कामावरच्या मित्रांबरोबर अंबोसेलीच्या अभयारण्यात गेला होता, जिथं आपल्याला नेणार होता तिथंच. फोन आला. तू कानाला लावलास आणि एकदम थिजलीस. दुसरा कान हातानं झाकलास, डोळे मिटलेस. मी विचारतेय, काय झालं, पोराला काय झालं का, तर तू नुसता हात हलवून मला गप्प करतेयस. किती वेळ गेला कोण जाणे. मग तू फोन माझ्या कानाला लावलास. आधी नुसता वारा. मग गवताचा झुबका मुळासकट उपटल्याचा आवाज, झटकल्याचा, आणि चावल्याचा. पुन्हा उपटल्याचा. मध्येच एक लांब उच्छ्वास, आणि त्याच्याखाली कसलीशी घरघर, कानाला नाही तर छातीला जाणवेल अशी. समोर आपला डोंगर, खाली भाताची खाचरं, आणि कानात तो, कुणाचाच नसलेला, आपल्या तंद्रीत चरत असलेला. तू खाली दगडावर बसलीस आणि म्हणालीस, "येवडं मोटं धूड, आन् गवत उपटतंय बघा, आपल्या म्हशीवानीच." आणि रडायला लागलीस. मीही. दादा खालून हाका मारत होता, दूध काढायचं राहिलं म्हणून.

एक भांडण तेवढं अर्धं राहिलं. तुझं म्हणणं, गाडीतून कसला देव बघायचा, मी खाली उतरणार, चपला काढून दोन पावलं भुईवर उभी राहणार. मी म्हणायची, कायदा आहे, पकडून नेतील, नाथाची नोकरी जाईल. तू म्हणायचीस, "बघू." त्या "बघू"ची मला खरीच धास्ती होती. तू उतरली असतीस, वहिनी. मी पदर धरून ओढत बसले असते आणि तू उतरली असतीस. आता हे भांडण मी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडतेय.

लावणी उरकली आणि तुला ताप आला. घोडेगावला नेलं, तिथून पुण्याला. पुढचं तुला सांगायला नको, आणि मला लिहायला नको. नाथा कसाबसा सावडायला पोचला.

आता दहाव्याचं सांगते. नदीकाठी पिंड मांडले. पाऊस भुरभुरत होता. मी मनाशी वाक्य तयार करून गेले होते. कावळा शिवेना की सगळे एकेक कबूल करायला लागणार. म्हशीची काळजी घेतो, पोराचं लगीन करतो. मग मी पुढं होऊन म्हणणार होते, वहिनी, तुझे हत्ती मी बघून येते, शब्द देते, आता ये. सगळ्या भावकीसमोर असं बोलायची लाज वाटणार होती, पण म्हणणारच होते. आणि तू काय केलंस? नाथानं पिंड ठेवून हात मागं घेतला न घेतला तोच कावळा खाली! उचलला घास आणि गेला. सगळ्यांनी हुश्श केलं. "समाधानानं गेली माउली, काय मागं ऱ्हायलं नव्हतं तिचं." बायका डोळे पुसत होत्या, आणि मला तुझा असा संताप आला म्हणून सांगू! अगं, एवढी कसली घाई? थोडं थांबायचंस. ताटकळवायचंस आम्हाला. मला बोलू तर द्यायचंस! लेण्याद्रीपासूनचे आपले हत्ती, ते गेले कुठं? एवढी वर्षं माझ्या डोक्यात भरवून तू खुशाल मोकळी झालीस?

काल स्टॉपवरून घरी जाताना दादानं तेच विचारलं. "तिची इच्छा ऱ्हायली न्हाई म्हन्त्यात. मग तू कुनासाटी जातीस आता?" मी आजवर सगळ्यांना हेच सांगत आले होते ना, भावजयीची हौस आहे, तिला सोबत म्हणून चाललेय. मुख्याध्यापकांना हेच सांगून रजा मागितली, आमच्या ह्यांनाही हेच सांगितलं. सोबत जिला करायची तीच नाही, तर प्रश्नच मिटायला हवा होता. पण आज पहाटे जाग आली आणि पडल्या पडल्या मला कळलं की तो मिटलेला नाही. तुझी इच्छा राहिली नसेल, वहिनी. माझी राहिलीय. माझी, स्वतःची. पन्नाशीला आलेल्या बाईला हत्ती बघायचेत असं तोंडानं म्हणायला मला तुझं नाव लागत होतं.

सकाळी नाथाला फोन केला, माझं तिकीट ठेव म्हटलं. मग दादाला केला. मला वाटलं ओरडेल. तो आधी खोकला. मग म्हणाला, "जा. आल्यावर इतं ये, आन् सगळं सांग. ती सांगायची तवा म्या कदी धड ऐकलं न्हाई. तुजं ऐकीन." आणि फोन ठेवला त्यानं.

राग उतरलाय आता. तू मला केवढं मोठं काही बघायची भूक लावून गेलीस, ते मला आज नीट दिसतंय, आणि त्यासाठी तुझ्या पाया पडावं असं वाटतंय. नाथा म्हणतो, आधी लांबवर धूळ उठलेली दिसते, मग हळूहळू त्या धुळीतून ते बाहेर येतात, कळपच्या कळप, आणि कसला आवाज नाही. ते येतील आणि मी बघेन. पण तसलं काही समोर आलं की माणूस आधी शेजारच्या माणसाकडं बघतो, त्यालाही दिसलं ना म्हणून. माझी मान वळणार, वहिनी. मी किती ठरवलं तरी ती तुझ्याकडं वळणार.